काळे हात आणि पांढरपेशी नजर

२०२२ सालच्या कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर आटीव दुधाचे पेले रिकामे झाले आणि नेहमीप्रमाणे कोणाची मुले कोठे व कोणत्या हुद्द्यावर आहेत, या विषयावर बोलणे आले. आमचा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात अभियंता आहे. त्याने फोर्ड कंपनीची मस्टँग ही दांडगी गाडी घेतली असून सुट्टीच्या दिवशी तो तिच्याखाली आडवा होऊन काही ना काही बदलत असतो, एवढी वार्ता आमच्या वहिनींच्या तोंडून निघण्याचा अवकाश, एका ज्येष्ठ सभासदांनी उद्गार काढले, "म्हणजे बापाने इंजिनिअर केला आणि पोरगा मिस्त्री झाला!" गच्चीवर हशा पिकला. वहिनी कसनुशा हसल्या. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीही हसलो. परतताना रिक्षात वहिनी घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. स्वतःच्या हाताने, शास्त्र समजून घेऊन आणि जबाबदारीने मोटारगाडीत सुधारणा करणे व मग तिचा आनंद लुटणे, हा सतारीच्या किंवा चित्रकलेच्या पंक्तीला बसणारा छंद आहे. त्याला हसणारे गाडीला हसत नाहीत, हाताला लागलेल्या तेलाला हसतात. हा रोग जुना आहे आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मुलूख सोडून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत तो अधिक मुरलेला आहे. या छंदाच्या नावाखाली रस्त्यावर जो उच्छाद चालतो त्याची वकिली मात्र आम्ही करणार नाही. आयुष्याची तीस वर्षे राज्याच्या परिवहन खात्यात घालवलेल्या माणसाकडून तशी अपेक्षाही कोणी करू नये.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत तिला मसल कार म्हणतात. आपण तिला पैलवान गाडी म्हणू. दोन दारांचा मध्यम आकाराचा सांगाडा, त्यात मोठे, बहुधा आठ सिलिंडरांचे इंजिन, जोर सारा मागच्या चाकांना आणि किंमत नोकरदार माणसाच्या आवाक्यातली, ही तिची मूळ व्याख्या. या गाडीचा जन्मच मुळी एका फेरफारातून झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जनरल मोटर्स कंपनीचा त्या काळी एक अंतर्गत नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवावयाचे नाही. कंपनीच्या पाँटियाक विभागात जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. त्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घन इंचांचे इंजिन बसवून पाहिले. नियम मूळ गाडीला लागू होता, गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागितलेल्या सोयींना नव्हता. तेव्हा त्यांनी त्या इंजिनाची गणना 'जादा सोयी'त केली आणि १९६४ साली जीटीओ ही गाडी बाजारात आणली. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग अवतरली. काटेकोर बोलावयाचे तर मस्टँगच्या जातीला निराळे नाव आहे, परंतु व्यवहारात तो भेद आज कोणी पाळत नाही.

पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे चढे दर आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या पैलवानांचे खुराक बंद केले. पुढील तीन दशके ते नावापुरते उरले. मग २००५ च्या मस्टँगने जुने रूप पुन्हा धारण केले, २००८ मध्ये डॉजची चॅलेंजर परतली, पाठोपाठ शेव्हरलेची कॅमॅरो आली आणि आखाडा पुन्हा भरला. तोही आता मोडत आला आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या चॅलेंजरचे आणि कॅमॅरोचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. मस्टँग तेवढी टिकून आहे. म्हणजे आमचा पुतण्या ज्या कलेची उपासना करतो ती मावळतीची कला आहे. मावळत्या कलांबद्दल आपल्या सभांतून किती अश्रू ढाळले जातात, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही. तो हशातून व्यक्त होतो. तो असा, की हे हलके काम आहे. शिकल्या-सवरलेल्या माणसाने वही-लेखणी धरावी, फार तर हार्मोनियम. पाना धरू नये.

हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच इंदूरचा इतिहास आठवावा. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला मोठ्या अभिमानाने दुसऱ्या यशवंतराव महाराजांच्या मोटारींच्या कथा सांगतो. त्यांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी आजही जगभरच्या मोटारशौकिनांना ठाऊक आहे. ही गाडी तरी काय होती? सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचे. त्या इंजिनाला हवा दाबून भरणारे सुपरचार्जर हे यंत्र जोडलेले, त्यामुळे शक्ती सुमारे ३२० अश्वशक्तीपर्यंत गेल्याचा कंपनीचा दावा. त्यावर महाराजांसाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३६ च्या सुमारास चढवलेले खास घडणीचे अंग. आपल्या हौसेप्रमाणे घडवून घेतलेली बलदंड अमेरिकन गाडी, यापलीकडे तिचे वर्णन नाही. तीच हौस राजाने केली की वैभव आणि रामबागेतल्या पोराने केली की मिस्त्रीगिरी! दोघांत फरक असलाच तर एवढाच, की राजाने पैसे देऊन काम करवून घेतले आणि पोराने ते स्वतः केले. या फरकाने पोराची किंमत वाढते की घटते, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि राजांचेच उदाहरण हवे असेल तर पहिल्या यशवंतरावांचे घ्या. १८०५ अखेर इंग्रजांशी तह झाल्यावर या पुरुषाने भानपुऱ्यात तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि त्या भट्ट्यांच्या धगीत तो जातीने उभा राहिला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता काय? आपली घराणी होळकरांबरोबर आली असे आपण सांगतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे फडणीस, शास्त्री आणि शिलेदार असतात. परंतु घोड्यांना नाल ठोकणारे, तोफांच्या गाड्यांची चाके बसवणारे, बंदुकांच्या कळी दुरुस्त करणारेही त्याच फौजेबरोबर आले होते. त्यांच्यावाचून एकही शिलेदार नर्मदा ओलांडून येता ना. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्यापैकी किती जणांची नावे आहेत, ते आम्ही मुद्दाम पाहिले. एकाचेही नाही.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही पुतण्याकडे तीन महिन्यांसाठी गेलो. मनात उपदेशाची तयारी होती, हे कबूल करतो. पहिल्याच रविवारी त्याने आमच्या हाती बॅटरी दिली आणि म्हणाला, "काका, जरा उजेड धरता?" तेथून पुढचे सारे रविवार आम्ही उजेड धरला, आणि आमच्या डोक्यातही थोडा पडला.

त्याची गाडी २०१८ ची मस्टँग जीटी. पाच लिटरचे इंजिन, ४६० अश्वशक्ती, हाताने बदलावयाचे सहा गिअर. आमची समजूत अशी, की ही मंडळी गाडी घेतात आणि तिला आणखी वेडी करतात. पुतण्याने काय केले होते? सर्वप्रथम टायर बदलले होते. मग ब्रेक. ब्रेकमधले तेल हवेतील ओल शोषते, ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि वारंवार जोराने ब्रेक दाबल्यावर ते तेल उकळून त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, पायाखालचा दांडा मऊ होऊन खाली बसतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून तो ते तेल वेळच्या वेळी काढून नवे भरतो आणि एकेका चाकापाशी हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत दांडा दाबून-सोडून घेतो. तो दांडा दाबण्याचे काम आमच्याकडे होते. सेवेत असताना आम्ही शेकडो गाड्यांचे ब्रेक तपासले. पण दांडा मऊ का पडतो, हे सदुसष्टाव्या वर्षी पुतण्याकडून शिकलो.

त्यानंतर स्प्रिंगा. त्याने गाडी इंचभर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या होत्या. गाडी खाली बसली की चाकांचा उभा कोन बदलतो. कोन बदलला की टायर आतल्या कडेने झिजतो आणि वळणावर गाडीची पकड बिघडते. म्हणून कोन जुळवणाऱ्या पट्ट्या आल्या, मग चाकांची जुळणी आली. एक बदल तीन नवी देणी उभी करतो. तो पाव आटा फिरवी, ठरावीक रस्त्याने गाडी चालवून येई, वहीत टिपी आणि पुन्हा पाव आटा फिरवी. आम्हांस आमचे वडील आठवले. सतारीची जवारी काढताना ते घोडीवरून कानशीचा एक हलका हात फिरवीत, तार चढवून ऐकत, मान हलवीत आणि पुन्हा तार उतरवीत. अख्खी दुपार जाई. त्या वेळी आई म्हणे, "आज ह्यांची समाधी लागली आहे." पुतण्याची समाधी मात्र आपल्याला मिस्त्रीगिरी दिसते!

त्याची वही हा एक स्वतंत्र विषय आहे. दिनांक, गाडी किती मैल चालली, कोणता भाग काढला, कोणता घातला, कोणता नट किती ताणाने आवळला, हे सारे तीत आहे. चाकाचे नट दीडशे फूट-पौंडांना आवळावयाचे, आणि थोडी गाडी चालवून आल्यावर पुन्हा तपासावयाचे. आमच्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही नस्तीपेक्षा ती वही नीटस होती.

शक्ती वाढवण्याचे काम त्याने अद्याप केलेले नाही. सात-आठ हजार डॉलरांना सुपरचार्जरचा संच मिळतो आणि त्याने ही गाडी सातशे अश्वशक्तीच्या घरात जाते. परंतु त्याच्या इंजिनात मुळातच मिश्रण बारास एक या प्रमाणात दाबले जाते. त्यात आणखी हवा कोंबली तर मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके देऊ लागण्याचा धोका असतो. तेव्हा इंधन किती सोडावे आणि ठिणगी कधी पाडावी, ही सारी कोष्टके संगणकात नव्याने भरावी लागतात. तो दोन वर्षे याचा अभ्यास करीत होता आणि संच घेतला नव्हता. आम्ही कारण विचारले. म्हणाला, "काका, जेवढी थांबवता येते तेवढीच पळवावी." आमच्या तीस वर्षांच्या सेवेत रस्ता-सुरक्षेवर जितकी भाषणे ऐकली, त्या सर्वांत मिळून एवढा अर्थ नव्हता.

दुसरा आक्षेप उधळपट्टीचा. छंदाला पैसा लागतो, हे खरे. सुधारलेली गाडी विकावयास काढली तर घातलेला पैसा बहुधा परत मिळत नाही, उलट कित्येकदा मूळ स्थितीतल्या गाडीला अधिक भाव येतो, हेही खरे. परंतु छंद आणि गुंतवणूक या दोहोंतला भेद नेमका येथेच आहे. ज्यातून पैसा परत येतो तो व्यापार. वडिलांच्या सतारीतून त्यांना किती व्याज मिळाले? आपल्यापैकी ज्यांनी मुलांच्या लग्नात तीन दिवस तीन प्रकारच्या जेवणावळी घातल्या आणि चौथ्या दिवशी कर्जाचा हिशेब मांडला, त्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. पुतण्याने गाडीसाठी कर्ज काढले, ते फेडले, आणि बदलांसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूस टाकतो. ज्याचे त्याने कमावले, ज्याचे त्याने खर्चिले. कोणापुढे हात पसरला नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर देताना आम्ही आवाज चढवणार नाही. आवाज, धूर आणि अपघात. या तिन्ही बाबतींत या छंदाच्या नावाने घोर अपराध घडतात. मागच्या चाकांना अफाट जोर, टायर थंड, आणि चालवणारा बघ्यांसमोर मिरवावयास उत्सुक, एवढे जुळून आले की गाडीचे शेपूट घसरते आणि ती फुटपाथवरच्या माणसांत शिरते. अमेरिकेत मोटारींच्या मेळाव्यांतून बाहेर पडताना असे अपघात झाले आहेत. मस्टँग त्यासाठी इतकी बदनाम आहे, की तिचे मालकच त्यावर विनोद करतात. भर रस्त्यात शर्यती लावणारे, धुरातले विषारी वायू निर्विष करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून फेकणारे, मध्यरात्री वस्ती हादरवणारे, यांना आम्ही छंदिष्ट मानत नाही. गळा नाही म्हणून जो ध्वनिवर्धक मोठा करतो त्याला आपण गवई म्हणतो काय?

पण म्हणून गाणेच बंद करावे, असेही आपण म्हणत नाही. १९५१ साली अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या तरुणांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर आणणे, हाच तिचा हेतू होता. पाव मैलाची सरळ पट्टी, दोन गाड्या, दिव्यांची इशारत, वेळ मोजणारी यंत्रे आणि गाडीची आधी तपासणी. चौदा सेकंदांच्या आत पाव मैल कापणाऱ्याला शिरस्त्राण सक्तीचे. पुतण्याची गाडी हे अंतर साडेबारा-तेरा सेकंदांत कापते. तो शिरस्त्राण घालूनच तेथे उतरतो. आवाजाचे म्हणाल, तर २०१८ च्या मस्टँगमध्ये कंपनीनेच 'सुजाण शेजारी' अशा अर्थाच्या नावाची सोय दिलेली आहे. ठरवून दिलेल्या वेळात इंजिन सुरू केले तर ते हलक्या आवाजात सुरू होते. शेजारच्या घरी तान्हे मूल आहे म्हणून पुतण्याने ती सोय असलेला मूळचा सायलेन्सर तसाच ठेवला. जे सुज्ञ लोक तो बदलतात ते कन्व्हर्टरच्या मागचाच भाग बदलतात, म्हणजे धुराची सफाई अबाधित राहते.

येथे आमच्या जुन्या व्यवसायातील एक निरीक्षण नोंदवतो. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षी सरकारी तपासणी होत नाही. ना धुराची, ना ब्रेकची. म्हणजे पुतण्याच्या मागे कोणी निरीक्षक उभा नव्हता. निरीक्षक नसताना पाळलेला नियम हाच खरा नियम. आमच्यापुढे ब्रेक दाखवावयास येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक आदल्या रात्री भाड्याचे चांगले टायर चढवून येत, आणि दाखला मिळाला की दुपारी ते उतरवीत. त्या गाड्यांचे मालक समाजात प्रतिष्ठित होते आणि त्यांचे हात स्वच्छ होते!

एक गोष्ट मात्र निःसंकोच मान्य करतो. ही गाडी पेट्रोल पिते. शहरात लिटरला सहा-साडेसहा किलोमीटरांच्या वर जात नाही. पर्यावरणाच्या न्यायालयात या छंदाला निर्दोष सुटका मिळणार नाही. पुतण्या रोजच्या कामाला लहान गाडी वापरतो आणि मस्टँग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत झाकून ठेवतो, कारण तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खाते. वर्षाकाठी दोन-तीन हजार मैल, एवढीच तिची धाव. अपराध लहान आहे, पण आहे.

आता ज्या गोष्टीने आमचे मत सर्वस्वी पालटले ती सांगतो. डेट्रॉइटमध्ये वुडवर्ड नावाचा लांबलचक रस्ता आहे. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत सोळा मैलांच्या पट्ट्यात जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा भरते. १९ ऑगस्ट २०२३ ला आम्ही तेथे होतो. फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारी जोडपी बसलेली, समोरून साठ वर्षांची जीटीओ जाते आहे आणि तिच्या मागे ७०७ अश्वशक्तीची चॅलेंजर हेलकॅट. मस्टँगच्या आवाजाचे रहस्य पुतण्याने तेथेच समजावले. तिच्या इंजिनाच्या एकेका बाजूचे चार स्फोट समान अंतराने होत नाहीत, म्हणून तो खर्ज एकसुरी न राहता घोळत, लडखडत येतो. लयीची आड चाल कानाला का गोड लागते, हे संगीताच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही.

आम्ही थांबलो असता मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला एक वृद्ध गोरा कामगार जवळ आला. त्याने पुतण्याच्या पुढच्या चाकाकडे पाहिले, गुडघ्यावर बसला, आणि कोन किती ठेवला ते विचारले. अर्धा तास दोघे बोलत होते. त्या माणसाने पुतण्याचे आडनाव विचारले नाही, देश विचारला नाही, परत कधी जाणार हेही विचारले नाही. जाताना दोघांनी हात मिळवले. दोन्ही हात काळे होते.

मंडळी, आपण वसाहतकऱ्यांची संतती आहोत. परमुलुखात माणूस कसा रुजतो, हे आपल्याहून अधिक कोणास कळावे? आपले पूर्वज माळव्यात आले, त्यांनी येथली बोली उचलली, दाल-बाटी उचलली, येथल्या मातीशी हात मळवले, तेव्हा माळवा त्यांचा झाला. जे केवळ दप्तरे सांभाळून दूर राहिले ते तीन पिढ्यांनंतरही पाहुणेच राहिले. डेट्रॉइट ही मोटार घडवणाऱ्यांची नगरी आहे. तेथला पोहा-जिलेबी म्हणा, तेथला सराफा म्हणा, तो त्यांच्या घराशेजारच्या गॅरेजात आहे. आमचा पुतण्या त्या दारातून आत गेला. त्याच परिसरात वीस-वीस वर्षे राहून शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेली आपली मराठी कुटुंबेही आम्ही पाहिली. त्यांच्या घरी गणपती थाटाचा होता, यात संशय नाही. पुतण्याच्या घरीही गणपती असतो. मूर्ती तो स्वतः करतो.

आता आपल्याकडचे. फोर्डने २०१६ मध्ये उजव्या हाताची मस्टँग भारतात आणली तेव्हा तिची किंमत पासष्ट लाख रुपयांच्या घरात होती. म्हणजे तिकडे नोकरदाराची गाडी ती इकडे धनिकाची झाली. छावणीच्या बोळांतून ती गाडी फिरावी, असे आम्ही म्हणत नाही. कायद्याचीही जाणीव आम्हांस आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आम्ही स्वतः सेवेत अशा अर्जांवर 'नामंजूर' असे शेकडो वेळा लिहिले आहे आणि त्याबद्दल खेद नाही. फटाके फोडणारे सायलेन्सर काढून पोलिसांनी त्यांवर रोडरोलर फिरवला, तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या.

परंतु एक खंत उरते. काही मर्यादित बदलांना पूर्वपरवानगीची वाट आहे. अधिक चांगला ब्रेक बसवू पाहणाऱ्याला मात्र आमच्याकडे 'चाचणी घ्या आणि मग ठरवा' असे म्हणण्याची सोपी सोय नव्हती. कॅलिफोर्निया राज्यात हवेची जपणूक करणारे मंडळ बाजारात येणाऱ्या जादा भागांची छाननी करते आणि धूर वाढत नाही असे ठरले तर त्या भागाला क्रमांकित आदेश देते. मग तो भाग लावणे कायदेशीर. निषेध कडक आणि परवानगीचा मार्ग स्पष्ट, अशी ती रीत आहे. जेथे केवळ निषेध असतो आणि मार्ग नसतो, तेथे अभ्यासू माणूस छंद सोडतो आणि उनाड माणूस तो चोरून चालू ठेवतो. आमच्या कारकिर्दीत आम्ही बहुतांशी अभ्यासू माणसांनाच नकार दिला, कारण अर्ज करावयास तेच येत.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. हशा आपल्या हाती आहे. दर उन्हाळ्यात मंडळ मुलांसाठी शिबिर घेते. त्यात स्तोत्रे, सुगम संगीत आणि हस्ताक्षर शिकवतात. त्यात एक जुने स्कूटरचे इंजिन आणून ठेवा. मुलांना आणि मुलींना ते उघडू द्या, पुन्हा जोडू द्या. दोन भाग उरले तर उरू द्या. इंजिनासाठी येणारा खर्च आम्ही देऊ. ज्येष्ठ सभासदांपैकी कोणास उजेड धरावयाचा असेल तर बॅटरीही देऊ.

वहिनींना आम्ही परत आल्यावर एवढेच सांगितले, की तुमच्या मुलाच्या हाताखाली तीन महिने काम करून आलो. त्यांनी विचारले, "जेवण्यापूर्वी हात नीट धुतो ना तो?" धुतो. पण नखांच्या कडांतली रेघ जात नाही, आणि आता ती जावी असे आम्हांस वाटत नाही.